सतरा नंबरचा पंच

रंगराव तसा मोकळ्या हाताचा माणूस. शेजाऱ्यानं मागितली तर गाडी देईल, मेहुण्यानं मागितला तर अंगातला शर्ट देईल. एक वस्तू तेवढी बावीस वर्षांत त्यानं कुणाच्या हाती दिली नव्हती, आणि दिली तेव्हा अशा मुहूर्तावर दिली की विचारू नका.

ती वस्तू म्हणजे त्याचा पंच. बोटाएवढा पोलादाचा तुकडा, टोकाला बारीक गोल आणि गोलात उलटा कोरलेला सतरा. माल तपासून झाला की त्यावर पंच धरायचा आणि वरून हातोडीचा एकच टोला. धातूवर सतरा उमटला की त्याचा अर्थ, हे रंगरावानं डोळ्यांनी पाहिलंय, उद्या काही निघालं तर त्याला विचारा. पंच कायम त्याच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. त्याची बायको दुर्गाबाई म्हणायची, माझ्या मंगळसूत्राला एवढं कुणी जपत नाही, तेवढं हे त्या खिळ्याला जपतात. कारखान्याची रीतच होती तशी. तपासणारा माणूस काम सोडून निघाला की ग्राइंडरवर स्वतःच्या हातानं आपला नंबर घासून टाकायचा, मग सगळ्यांना पेढे. एकाचा नंबर दुसऱ्याला कधी मिळायचा नाही.

कारखाना मोशीच्या नानासाहेबांचा. मोशीत जमिनीला भाव आला तेव्हा कुणी गाड्या घेतल्या, कुणी पोराच्या लग्नात हेलिकॉप्टर उतरवलं. नानांनी तळवड्यात एक शेड घेतली, दोन लेथ टाकले आणि बीडकडून कामाला आलेल्या पंचविशीतल्या रंगरावाला हाताशी धरलं. कंपनी कागदोपत्री बायकोच्या, शालनबाईंच्या नावावर, कारण बाईच्या नावानं सरकारी सवलत मिळते. शालनबाई खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहायला यायच्या आणि एरवी जिथं बोट ठेवलं तिथं सही करायच्या. वीस वर्षं मोटरसायकलचे ब्रॅकेट केले. दोन वर्षांपूर्वी चाकणला नवी शेड झाली आणि एका मोठ्या कंपनीकडून तोफेच्या गोळ्यांचं काम आलं. दारू भरायची ती दुसरीकडे, इथं फक्त पोलादाची रिकामी कवचं करायची. नानांनी गेटवर फ्लेक्स लावला, देशसेवेचं व्रत. ऑर्डरीतला निम्मा माल परदेशी जातो, हे त्या फ्लेक्सवर मावलं नसावं.

गोळ्याच्या कामाला नियम कडक. गोळ्याच्या नाकाला आतून आटे असतात, त्यात पुढे स्फोट करणारी टोपी बसते. ते आटे गेजनं, म्हणजे मापाच्या खुंटीनं, तपासायचे. गेजला दोन तोंडं. एक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं आत जाता कामा नये. दुसरं गेलं, म्हणजे आटे ढिले आणि गोळा बाद. ही तपासणी करून ठसा मारायची मान्यता त्या मोठ्या कंपनीनं सबंध शेडमध्ये एकट्या रंगरावाला दिली होती.

आणि मग आली सहल. पहिल्या वर्षीचा माल वेळेत गेला म्हणून नानांनी जुन्या माणसांना व्हिएतनामला न्यायचं ठरवलं. हल्ली आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी व्हिएतनाम. नाना, शालनबाई, रंगराव, स्टोअरचा सोपानराव आणि नानांचे भाऊकीतले अण्णासाहेब. अण्णासाहेबांचा कारखान्याशी काडीचा संबंध नव्हता, पण महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि परदेशातले फोटो त्यांना हवे होते. निघायच्या दिवशी दुपारी नानांचा मुलगा कुलदीप रंगरावाच्या टेबलाशी आला. शेड तोच सांभाळायचा. पोरगं वाईट नव्हतं, घाईचं होतं. म्हणाला, काका, आठ दिवस तुम्ही नाही तर आठ दिवस माल हलणार नाही. गेज आमची पोरं लावतील, पंच तेवढा ठेवून जा. रंगरावानं आधी नाही म्हटलं. कुलदीप म्हणाला, विश्वास नाही का आमच्यावर? आता मालकाचा मुलगा, अंगाखांद्यावर खेळवलेला, वर सहल त्याच्याच बापाच्या खर्चानं. रंगरावानं जुडग्यातून पंच काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. बुद्धी फिरली, दुसरं काय!

हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगावात, तिसऱ्या दिवशी युद्धाचं संग्रहालय होतं. अंगणात रणगाडे, विमानं, तोफा. अण्णासाहेबांनी बॅगेतून घडी घातलेला फ्लेक्स काढला. होय, फ्लेक्स. मोशीहून नेलेला, त्यावर हात जोडलेले अण्णासाहेब आणि खाली 'मोशी ते व्हिएतनाम, ध्यास विकासाचा'. सोपानरावानं एक टोक धरलं, रणगाड्यासमोर फोटो निघाले, आणि तेवढ्यात पहारेकऱ्यानं येऊन शांतपणे फ्लेक्सची घडी घालायला लावली. अण्णासाहेबांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या मोबाइलवर कधीतरी एक मेसेज आला होता, की व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते आपल्या महाराजांचा गनिमी कावा वाचून. पुण्याहून बरोबर आलेली टूर मॅनेजर तेजस्विनी, तिच्यामार्फत त्यांनी तिथल्या गाइडबाईला विचारलं, आमच्या महाराजांचा फोटो कोणत्या मजल्यावर आहे? गाइडबाईनं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, माफ करा, असं मी कधी ऐकलेलं नाही. अण्णासाहेब म्हणाले, हिला ट्रेनिंग बरोबर दिलेलं नाही.

वरच्या मजल्यावर फोटो होते. जळलेली गावं, विषारी फवाऱ्यानंतर जन्मलेली लेकरं. पहिल्या दालनात सगळे गप्प झाले, पण आपली माणसं किती वेळ गप्प बसणार? अण्णासाहेब म्हणाले, अमेरिकेची चूक एकच, काम अर्धवट सोडलं. शत्रूला असंच ठेचायचं असतं, आपणही एकदा ठेचलं पाहिजे. सोपानराव भडकला. म्हणाला, भिंतीवरची पोरं बघून तुम्हाला हे सुचतं? तुमचा पक्षच तसला. मग तुझा पक्ष कसला, यावर गाडी गेली, आणि सायगावच्या भिंतीपुढे मोशीची निवडणूक सुरू झाली. उंटावरून शेळ्या हाकायला आपल्याइतकं कुणाला जमत नाही. तेजस्विनीनं दोघांना हळू बोलायला सांगितलं. आजूबाजूचे लोक बघत होते, त्यात एक पाय नसलेला म्हाताराही होता.

रंगराव त्या भांडणातून सटकला. कोपऱ्यात एका काचेच्या पेटीपुढे शालनबाई उभ्या होत्या. पेटीत एक कुदळ होती, दांडा मोडलेली, आणि शेजारी तोफेचा गोळा, गंज काढून साफ केलेला. शालनबाई कुदळीकडेच बघत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इंद्रायणीकाठच्या रानात त्यांनी असल्याच कुदळीनं वरंबे ओढले होते. त्यांनी तेजस्विनीला बोलावून पाटी वाचून घेतली. एक शेतकरी रान खणत होता, कुदळ जमिनीतल्या गोळ्यावर बसली, तो आणि त्याची बायको, दोघंही गेली. त्याच रानात दुसरा गोळा सापडला, तो निकामी करून इथं ठेवलाय.

"लढाई चालू व्हती का तवा?" शालनबाईंनी विचारलं.

तेजस्विनी म्हणाली की लढाई संपून वीस वर्षं झाली होती.

"मंग आत्ता कशापायी फुटला?"

तेजस्विनीला हे ठाऊक नव्हतं. रंगरावाला होतं. "टाकला तेव्हा फुटला नव्हता, वहिनी," तो म्हणाला. "खोट असंल त्याच्यात. तपासणीत सुटला असंल."

"म्हंजी चांगला असता तर?"

"तर तवाच फुटला असता."

"तवाबी कुनीतरी मेलंच असतं की."

रंगरावानं मान खाली घातली, आणि खाली घातली म्हणून त्याला ते दिसलं. गोळ्याच्या खालच्या अंगाला तांब्याचा पट्टा असतो, त्याच्या वर बोटभर जागा सोडून, एक बारीक गोल. त्यानं चष्मा पुसला आणि काचेला नाक लावलं. गोलात चार. ठसा सरळ, हलका, एकाच टोल्याचा. मारणाऱ्याचा हात बसलेला होता. कुठल्यातरी गावात कुठल्यातरी शेडमध्ये टेबलाशी बसून एका माणसानं हा गोळा हातात घेतला होता आणि ठीक आहे म्हणून पुढे सारला होता. त्याला घरी जायची घाई असेल, नाहीतर त्यानंही आपला पंच कुणाच्या हातावर ठेवला असेल. रंगरावाचा हात आपसूक कमरेला गेला. जुडग्यात घराच्या किल्ल्या होत्या, गाडीची होती. पंच चाकणला होता आणि या घडीला कुणीतरी तो मारत होतं.

तेवढ्यात गाइडबाईनं तेजस्विनीमार्फत नानांना सहज विचारलं, आपण काय व्यवसाय करता? मोशीत भाजीवाल्यालाही अडवून गोळ्याचं काम सांगणारे नाना, त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, मोटरसायकलचे पार्ट. शालनबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. नानांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

बाहेर येऊन रंगरावानं कुलदीपला फोन लावला आणि ठसा मारणं थांबव म्हणून सांगितलं. कुलदीप हसला. काका, फिरा मस्त, लॉट टॉपमध्ये चाललाय, बुधवारी गाडी भरतोय. पुढचे दिवस होड्या झाल्या, डोंगर झाले, नारळपाणी झालं. होडीवर सोपानराव आणि अण्णासाहेब भांडण विसरून गळ्यात गळे घालून नाचले. रंगराव एका खुर्चीत बसून होता. माणसाच्या मनात एकदा कुसळ घुसलं की समोर स्वर्ग ठेवा, त्याला तो दिसत नाही.

मंगळवारी सकाळी तो विमानतळावरून घरी गेला, बॅग दारात टाकली आणि तसाच चाकणला. दोनशे चाळीस गोळे पेट्यांत बंद होऊन उभे होते. त्यानं कुलदीपकडून पंच मागून घेतला आणि सांगितलं की पेट्या उघडायच्या, एकेक गोळा मी पुन्हा तपासणार. कुलदीपचा चेहरा पडला. गाडी उद्या लागणार, मोठ्या कंपनीला उशिराचं कारण काय द्यायचं? रंगराव म्हणाला, खरं द्यायचं. पंच मी देऊन गेलो होतो, असं लिहायचं. म्हणजे तुमची मान्यता जाईल, काका. जाऊ दे म्हणाला रंगराव. बोलायला बोलला, पण त्याला माहीत होतं की मान्यता गेली की या वयात चाकणमध्ये कुणी त्याच्या हाती गेज देणार नाही. बावीस वर्षांत कमावलेलं तेवढंच होतं.

दोन दिवस तो टेबलाशी बसला. ज्यांच्यावर कुलदीपच्या पोरांनी ठसे मारले होते ते लगेच ओळखू यायचे, कारण ठसा खोल, तिरका, दोन-दोन टोल्यांचा. त्यातले दोन बाद निघाले. गेजचं जे तोंड आत जाता कामा नये ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. रंगरावानं दोन्हींवर लाल रंग मारला. मनात म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं? खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. दोनशे तेहतिसावा गोळा हातात आला तेव्हाही तो त्याच बऱ्या वाटण्यात होता. गेज लावला. नको ते तोंड आत गेलं. काढून पुसून पुन्हा लावला, पुन्हा गेलं. गोळा फिरवून त्यानं ठसा पाहिला.

ठसा सरळ होता. हलका, एकाच टोल्याचा. गोळ्याला लावलेल्या चिठ्ठीवर तारीख होती ती सहलीला निघायच्या दिवसाची. त्या सकाळी दुर्गाबाईचे तीन फोन आले होते, स्वेटर घेऊ का, शेंगदाण्याचे लाडू देऊ का, पासपोर्ट कुठल्या पिशवीत ठेवलाय. फोन खांद्यात धरून त्यानं शेवटचे पाच-सहा गोळे उरकले होते. कुलदीपनं पंच मागितला तो त्यानंतर. रंगरावानं त्याही गोळ्यावर लाल रंग मारला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज दुसऱ्या कुणावर ढकलायलाही जागा नव्हती.

गुरुवारी केबिनमध्ये नाना, कुलदीप आणि शालनबाई. पत्रावर सही त्यांचीच लागणार, म्हणून नानांनी त्यांना मोशीहून बोलावून घेतलं होतं. रंगरावानं तिन्ही गोळे टेबलावर मांडले आणि कुठला कुणाच्या हातचा ते सांगितलं. नाना आधी तडकले. मग व्यवहारावर आले.

"ह्यो तिसरा बी पोरांचाच लिव्ह," ते म्हणाले. "ठसा कुनाच्या हातचा हाय, त्ये तुज्याशिवाय कुनाला कळतंय?"

"मला कळतंय, नाना."

कुलदीपनं समजावून सांगितलं, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दोन गोळे पोरांनी चुकवले, म्हणजे आठ दिवसांचा प्रश्न. तिसरा तुम्ही चुकवला असं लिहिलं, म्हणजे मग दोन वर्षांचा प्रश्न. सतरा नंबर मारून आतापर्यंत तीन हजार शंभर गोळे गेलेत. ते सगळे संशयात येणार. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "एका गोळ्यासाठी सगळी शेड बंद पाडू नका. साठ माणसं आहेत इथं."

रंगराव त्या साठांना नावानिशी ओळखत होता. निम्मी त्यानंच गावाकडून आणलेली. त्यानं काही वाद घातला नाही. फक्त म्हणाला की पत्रात तीन लिहा, दोन पोरांचे आणि एक माझा. नाहीतर मी माझं वेगळं पत्र लिहितो. नाना म्हणाले, बावीस वर्षं खाल्लेल्या मिठाला हे जागणं का? हे मात्र रंगरावाला लागलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

शालनबाई एवढा वेळ टेबलावरचे गोळे बघत होत्या. त्यांनी कुलदीपच्या हातून पत्र घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सहीआधी कागद वाचायला मागितला, आणि वाचायला त्यांना वेळ लागला. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिथल्या बाईला तुमी मोटारसायकलचं पार्ट म्हनून सांगितलं. कशापायी? सांगायचं व्हतं की खरं." त्यांनी पत्र परत कुलदीपपुढे सारलं. "तीन लिव्ह," त्या कुलदीपला म्हणाल्या, "मंग सही करते."

उत्तर अकरा दिवसांनी आलं. गोळ्याचं काम पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. सतरा नंबरचा माल मागवून पुन्हा तपासायचा. रंगरावाची मान्यता रद्द, पंच नष्ट केल्याचं कळवावं. चाकणच्या शेडमधल्या साठातली बावीस माणसं तळवड्याला ब्रॅकेटवर गेली, बाकीच्यांनी कामं शोधली. काही जण रंगरावाशी बोलेनासे झाले. त्यांचंही बरोबर होतं. रंगरावालाही ब्रॅकेटवरच टेबल मिळालं. ब्रॅकेटला आता ठसा नसतो, स्टिकर लागतं.

पंच घासायच्या दिवशी शालनबाई स्वतःहून चाकणच्या शेडमध्ये आल्या. रंगरावानं ग्राइंडर लावला, पंच चाकाला टेकवला, आणि पाच-सात ठिणग्यांत सतरा संपला. पेढे अर्थातच कुणी आणले नव्हते. कुलदीप मोठ्या कंपनीच्या पत्राचा शेवटचा भाग वाचून दाखवत होता. तीन हजार शंभरपैकी दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी परत येतायत. सहाशे बारा येणार नाहीत, ते आधीच परदेशी गेले.

"कंच्या देशात?" शालनबाईंनी विचारलं.

कुलदीपनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. म्हणाला, लिहिलेलं नाही.

शालनबाईंनी रंगरावाकडे पाहिलं. "तिथं रानं असतील का वो, रंगराव?"

"असतील, वहिनी," रंगराव म्हणाला. पंच अजून गरम होता. तो त्यानं फडक्यात गुंडाळून कुलदीपच्या हातावर ठेवला आणि तळवड्याची शिफ्ट गाठायला निघाला.